क जीवनसत्त्व आणि रोगप्रतिकार : किती पुरे?



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आम्हांला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविले. मी त्यांचा विद्यार्थी खरा. परंतु पुढे माझी वाट बदलली. मराठीत एम.ए. झालो, मराठीतील शास्त्रीय परिभाषा कशी घडत गेली या विषयावर पीएच.डी. केली आणि आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे यंदाचे पुष्प मी गुंफावे असे निमंत्रण आले, तेव्हा संयोजकांची अपेक्षा एखाद्या वाङ्मयीन विषयाची असावी. मी मात्र क जीवनसत्त्वाचा विषय मागून घेतला. त्याला दोन कारणे आहेत. एक आहे गुरुजींचा एक तास आणि दुसरे एका मित्राचा मृत्यू. दुसऱ्याविषयी शेवटाकडे बोलेन. पहिल्यापासून प्रारंभ करतो.

१. निळा रंग

१९६४ सालच्या हिवाळ्यातील ही गोष्ट. प्रयोगशाळा म्हणजे आमच्याकडे एक लाकडी कपाट आणि एक लांब टेबल, एवढेच होते. गुरुजींनी घरून भाताची पेज आणली होती. ती पाण्यात पातळ करून त्यांनी तीत टिंक्चर आयोडीनचे काही थेंब टाकले, तसे ते पाणी गर्द निळे झाले. चार पेल्यांत ते सारखे ओतले. पहिल्या पेल्यात लिंबाचा रस थेंब थेंब टाकला. काही थेंबांनंतर निळा रंग एकाएकी नाहीसा झाला. दुसऱ्यात आवळ्याचा रस टाकला; तेथे फार कमी थेंब पुरले. तिसऱ्यात पाऊण तास उकळून, आटलेले पाणी पुन्हा भरून काढलेला लिंबाचा रस टाकला. तेथे थेंब अधिक लागले. चौथ्यात मोड आलेली मटकी वाटून गाळलेले पाणी घातले. तेथेही रंग हळूहळू फिका झाला. कोरड्या मटकीच्या पिठाचे पाणी घातले असता मात्र रंग तसाच राहिला. क जीवनसत्त्व आयोडीनचे रूप पालटते आणि निळा रंग जातो, हे त्यामागील रसायन.

थेंब मोजण्याचे काम माझ्याकडे होते. रंग गेल्यावरही उत्साहाच्या भरात मी थेंब टाकीतच राहिलो. गुरुजींनी माझा हात धरला आणि म्हणाले, "रंग गेला ना? मग आता किती टाकलेस तरी पेल्यात काय फरक पडणार आहे? थांब." वर्ग हसला. हे वाक्य मला आयुष्यात पुढे किती उपयोगी पडायला हवे होते, हे तेव्हा कळले नाही. आज मला जे सांगावयाचे आहे, ते बहुतांशी या एका वाक्यातच आले आहे.

२. दोन शब्दांची गोष्ट

मी शब्दांचा माणूस. म्हणून आधी शब्दांकडे पाहू. 'व्हिटॅमिन' हा शब्द १९१२ मध्ये कॅसिमिर फुंक या पोलिश शास्त्रज्ञाने प्रचारात आणला. मराठीने त्याला 'जीवनसत्त्व' हा सुंदर प्रतिशब्द दिला. परंतु 'सत्त्व' म्हटले की आपल्या मनात सार, बळ, तेज असे अर्थ उमटतात आणि सत्त्व जितके अधिक तितके बरे, असे आपण नकळत धरून चालतो.

दुसरा शब्द 'रोगप्रतिकारशक्ती'. 'इम्युनिटी' या शब्दाचे लॅटिन मूळ पाहिले तर तेथे शक्तीचा संबंध नाही. सार्वजनिक कर वा सेवा यांतून मिळालेली सूट, असा त्याचा मूळ अर्थ होता. आपण त्याला 'शक्ती' जोडली. शक्ती ही वाढविण्याची वस्तू. म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढवा' ही घोषणा आपल्या कानाला सहज पटते. डॉक्टर मंडळी ज्याला 'इम्यून सिस्टिम' म्हणतात, ती वस्तुतः एक व्यवस्था आहे. एखाद्या नगराच्या रक्षणव्यवस्थेप्रमाणे तिच्यात तट असतो, पहारेकरी असतात, शत्रूची ओळख लक्षात ठेवणारे दफ्तर असते आणि लढाई संपल्यावर मैदान साफ करणारे लोकही असतात. अशा व्यवस्थेला रसद तुटली तर ती कोलमडते. रसद पुरेशी असली तर ती नीट चालते. परंतु कोठारात गरजेच्या दसपट धान्य भरले म्हणून शिपाई दसपट शूर होत नाहीत. क जीवनसत्त्व ही या व्यवस्थेची रसद आहे.

३. रसद तुटते तेव्हा

रसद तुटल्यावर काय होते, हे जगाला प्रथम समुद्रावर कळले. त्यातील एक प्रसंग आपल्या किनाऱ्याजवळचा आहे. वास्को द गामाची गलबते परतीच्या वाटेवर ऑक्टोबर १४९८ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाली. वारे प्रतिकूल असल्याने अरबी समुद्र ओलांडावयास त्यांना जवळजवळ तीन महिने लागले. वाटेत खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, हातपाय सुजले आणि सुमारे तीस माणसे दगावली. जानेवारी १४९९ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदी येथे पोहोचताच आजाऱ्यांनी कशाची मागणी केली असेल, तर ती संत्र्यांची. हा रोग म्हणजे स्कर्व्ही.

पुढे १७४७ मध्ये जेम्स लिंड या नाविक शल्यवैद्याने 'सॅलिसबरी' या युद्धनौकेवर बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कोणाला सफरचंदाची मदिरा, कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचे पाणी. ज्या जोडीला संत्री व लिंबे मिळाली, ती सहा दिवसांतच लक्षणीय सुधारली. ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्रास देण्यास सुरुवात केली ती मात्र १७९५ मध्ये, लिंडच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी.

परंतु मला आज ज्या प्रसंगाची विशेष आठवण द्यावयाची आहे, तो जमिनीवरचा असून त्याचे नाते आपल्या गावाशी आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे तुर्की सैन्याने सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनला वेढा घातला. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. आज याच रेजिमेंटच्या परंपरेत त्या मोजल्या जातात.

त्या वेढ्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. एकाच नगरात अडकलेल्या दोन सैन्यगटांना दोन वेगळे रोग झाले. गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला आणि हिंदी शिपायांना स्कर्व्ही. गोऱ्यांच्या आहारात पांढऱ्या पिठाचा पाव होता. त्यात ब-१ जीवनसत्त्व नव्हते. परंतु ते घोड्याचे ताजे मांस खात, आणि ताज्या मांसात थोडेफार क जीवनसत्त्व असते. हिंदी शिपायांना आटा मिळे. त्यामुळे ते बेरीबेरीपासून वाचले. मात्र घोड्याचे मांस खाण्यास त्यांच्यापैकी बहुतेकांनी धार्मिक कारणांनी दीर्घकाळ नकार दिला आणि भाजीपाला तर कोणालाच नव्हता. एक हजारांहून अधिक हिंदी शिपाई स्कर्व्हीने आजारी पडले. त्यांच्या श्रद्धेला दोष देणे सोपे आहे. पण भाजी न मिळणे हा काही श्रद्धेचा दोष नव्हे. पोट भरलेले असले तरी माणूस उपाशी असू शकतो, हे कुतने दाखविले.

या मेसोपोटेमियातील अनुभवाच्या पार्श्वभूमीवर लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन संशोधिकांनी १९१७ मध्ये कोणत्या अन्नात स्कर्व्ही टाळणारे द्रव्य आहे याची पाहणी प्रसिद्ध केली. ताजी भाजी वा फळे न मिळाल्यास सैनिकांना मोड आलेली कडधान्ये द्यावीत, असा त्यांचा सल्ला होता. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. दाणा रुजू लागला की ते तयार होते. भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत, म्हणून दाणा अख्खा हवा. आपल्या घरची मटकीची उसळ ही रणांगणावरची औषधी ठरली, हे वाचले तेव्हा मला गुरुजींचा चौथा पेला आठवला.

४. तट, पहारेकरी आणि साफसफाई

हे द्रव्य रासायनिकदृष्ट्या वेगळे केले आल्बर्ट सेंट-जॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने, १९२८ मध्ये. ते स्कर्व्ही टाळणारे जीवनसत्त्वच आहे, हे १९३२ मध्ये सिद्ध झाले आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 'अॅस्कॉर्बिक' या नावाचा अर्थच मुळी 'स्कर्व्ही नसलेले' असा आहे. बहुतेक प्राणी हे द्रव्य स्वतःच्या शरीरात तयार करतात. शेळी, गाय, कुत्रा, उंदीर यांना त्यासाठी आवळा खावा लागत नाही. माणूस, माकडांच्या अनेक जाती, गिनीपिग आणि काही वटवाघळे यांनी मात्र उत्क्रांतीच्या ओघात ही क्षमता गमावली. म्हणून आपल्याला ते रोजच्या अन्नातूनच मिळवावे लागते.

रोगप्रतिकाराच्या व्यवस्थेत ते कोणती कामे करते?

पहिले काम तटाचे. आपली त्वचा, श्वासमार्गाचे अस्तर, रक्तवाहिन्यांच्या भिंती यांना घट्टपणा देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याचे धागे एकमेकांत नीट गुंफले जावेत म्हणून शरीरातील काही विकरे काम करतात. त्या विकरांमधील लोह कार्यक्षम अवस्थेत राखण्याचे काम क जीवनसत्त्व करते. ते नसेल तर धागे कच्चे राहतात, हिरड्यांतून रक्त येते आणि जखमा भरत नाहीत. बॉस्टन येथील जॉन क्रँडन या तरुण शल्यवैद्याने १९३९ मध्ये स्वतःवरच हा प्रयोग केला. सहा महिने त्याने क जीवनसत्त्व नसलेले अन्न खाल्ले. रक्तद्रवातील त्याचे प्रमाण सुमारे सहा आठवड्यांत शून्यावर आले. तरीही तिसऱ्या महिन्यात मुद्दाम केलेली जखम व्यवस्थित भरली. सहाव्या महिन्यातील जखम मात्र आतून भरेना. जीवनसत्त्व दिल्यावर ती भरली. शरीर आपली शिल्लक किती काटकसरीने वापरते आणि ती संपल्यावर तट कसा ढासळतो, या दोन्ही गोष्टी त्यातून स्पष्ट झाल्या.

दुसरे काम पहारेकऱ्यांचे. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंच्या दिशेने प्रथम धावतात, त्यांना गिळतात आणि तीव्र ऑक्सिडीकारक द्रव्ये सोडून मारतात. या पेशी आपल्या पोटात क जीवनसत्त्वाचा साठा करतात. भोवतालच्या रक्तद्रवाच्या तुलनेत तो अनेक दसपटींनी अधिक असतो. स्वतःच पेटविलेल्या आगीत पेशी होरपळू नये, यासाठी तो साठा उपयोगी पडतो.

तिसरे काम साफसफाईचे. काम आटोपलेल्या न्यूट्रोफिल पेशी शिस्तीने मरून उचलल्या जाव्या लागतात. त्या तेथेच फुटल्या तर निरोगी ऊतींची हानी होते. या शिस्तीलाही क जीवनसत्त्वाची मदत होते, असे प्रयोगशाळेतील संशोधनातून दिसते. शत्रूची ओळख ठेवणाऱ्या लिम्फोसाइट पेशींच्या वाढीतही त्याचा वाटा आहे.

संसर्ग झाला की हा साठा वेगाने खर्च होतो. ग्लासगो येथे १९७३ मध्ये केलेल्या एका अभ्यासात, सर्दी सुरू झाल्यावर एका दिवसातच पांढऱ्या पेशींतील क जीवनसत्त्व जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. काही दिवसांत ते पूर्ववत झाले. ज्याच्याजवळ मुळात शिल्लकच नाही, त्याचे अशा वेळी काय होत असेल, याची कल्पना करता येईल. स्कर्व्हीच्या रुग्णांपैकी अनेकांचा शेवट न्यूमोनियासारख्या संसर्गाने होत असे, त्याचे कारण हेच.

५. रांजण आणि त्याचा काठ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. किती पुरे?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफील्ड येथे युद्धात भाग घेण्यास नकार दिलेल्या तरुणांनी स्वेच्छेने एका प्रयोगात भाग घेतला. त्यातून असे दिसले की दिवसाला केवळ १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व स्कर्व्ही टाळण्यास व बरा करण्यासही पुरते. अर्थात रोग टाळणे वेगळे आणि साठा भरलेला ठेवणे वेगळे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये जाहीर केलेली शिफारस प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि स्त्रियांसाठी ६५ मिलिग्रॅम अशी आहे; गरोदर व स्तनदा मातांसाठी ती अधिक आहे.

याहून अधिक घेतले तर? येथे शरीराचे वागणे आपल्या घरच्या रांजणासारखे आहे. रांजण रिकामा असेल तर ओतलेला प्रत्येक तांब्या आत राहतो. भरत आला की पाणी काठावरून वाहू लागते. अमेरिकेतील मार्क लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये निरोगी तरुणांवर केलेल्या काटेकोर मोजणीत दिसले की दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या आसपास पांढऱ्या पेशींतील साठा पूर्ण भरतो. दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅमनंतर रक्तद्रवातील प्रमाणही फारसे वाढत नाही. एका वेळी एक ग्रॅमहून अधिक घेतल्यास आतडे त्यातील निम्म्याहून कमी शोषते आणि शोषलेल्यापैकी बराचसा भाग मूत्रावाटे बाहेर जातो. गुरुजींच्या पेल्यातला निळा रंग एकदा गेला की गेला. पुढचे थेंब वाया.

६. एका थोर माणसाची चूक

मग मोठ्या मात्रेचा एवढा बोलबाला कोठून झाला? त्याचे श्रेय आणि दोष दोन्ही लायनस पॉलिंग यांच्याकडे जातात. १९५४ चे रसायनशास्त्राचे आणि १९६२ चे शांततेचे, अशी दोन नोबेल पारितोषिके मिळविणारा हा थोर पुरुष. १९७० मध्ये त्यांनी क जीवनसत्त्व आणि सर्दी या विषयावर पुस्तक लिहिले आणि रोज ग्रॅमच्या हिशेबात ते घेण्याचा पुरस्कार केला. लोकांनी गोळ्या घ्यावयास सुरुवात केली.

पॉलिंग यांनी ज्या प्रयोगांचा आधार घेतला, त्यांत १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला स्वित्झर्लंडमधील एक प्रयोग प्रमुख होता. बर्फावरील स्कीइंगच्या शिबिरातील २७९ जणांपैकी ज्यांना रोज एक ग्रॅम क जीवनसत्त्व दिले, त्यांना सर्दी कमी झाली. प्रयोग खरा होता. पण तो कडाक्याच्या थंडीत अंगमेहनत करणाऱ्या लोकांवरचा होता आणि पॉलिंग यांनी त्याचा निष्कर्ष घरात बसणाऱ्या माणसालाही लागू केला.

पुढील चार दशकांतील प्रयोगांचा एकत्रित हिशेब कॉक्रेन समालोचनात २०१३ मध्ये मांडला गेला. २९ तुलनांमधील ११,३०६ व्यक्तींचा तो हिशेब आहे. त्याचे सार चार ओळींत सांगता येते. रोज २०० मिलिग्रॅम वा अधिक क जीवनसत्त्व घेतल्याने सर्वसामान्य माणसाला सर्दी होण्याचे प्रमाण कमी होत नाही. मॅरेथॉन धावणारे, स्कीइंग करणारे आणि अतिथंड प्रदेशात कसरत करणारे सैनिक अशा ५९८ जणांत मात्र ते जवळजवळ निम्म्याने कमी झाले. नियमित घेणाऱ्यांची सर्दी प्रौढांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत सुमारे १४ टक्के लवकर बरी झाली. म्हणजे सात दिवसांच्या सर्दीत प्रौढाचा सुमारे अर्धा दिवस वाचतो. आणि सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेण्यास प्रारंभ केला, तर सातत्याने दिसेल असा लाभ आढळला नाही.

यातील शेवटचे वाक्य कृपया लक्षात ठेवावे. आपण नेमके उलट करतो. वर्षभर ताटात हिरवे पान नसते आणि शिंक आली की गोळीची पट्टी उघडतो.

मोठी मात्रा निरुपद्रवी आहे, असेही समजू नये. पोट बिघडते, हा नेहमीचा अनुभव. स्वीडनमधील पुरुषांच्या एका दीर्घकालीन पाहणीत, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांत मूतखड्याचे प्रमाण सुमारे दुप्पट होते.

७. एका मित्राविषयी

आता दुसऱ्या कारणाकडे येतो. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आपण कोणीच विसरणार नाही. औषधांच्या दुकानांतून चघळण्याच्या आंबट गोळ्या मिळेनाशा झाल्या होत्या. निरोप एकमेकांना पाठविले जात होते, मीही पाठवीत होतो. एप्रिल २०२१ मध्ये माझ्या वर्गातील एक मित्र तापाने आजारी पडला. नाव सांगत नाही. या सभागृहात त्याला ओळखणारे अनेक आहेत. तो मला दूरध्वनीवर म्हणाला, "ताप आहे, पण क जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिवसातून तीनदा घेतोय, लिंबूपाणी चालू आहे. दोन दिवस बघतो." मी म्हणालो, "बरं करतोस, चालू ठेव." त्याने दोनाचे पाच दिवस बघितले. रुग्णालयात नेले तेव्हा त्याच्या रक्तातील प्राणवायू फार खाली गेला होता. तो परत आला नाही.

गोळ्यांनी त्याचा घात केला, असे मी म्हणत नाही. लवकर नेले असते तर तो वाचलाच असता, असेही कोणी सांगू शकणार नाही. घात करू शकतो तो गोळीवरचा विश्वास, कारण तो वेळ खातो. आणि त्या विश्वासाला 'चालू ठेव' म्हणून दुजोरा देणारा मी होतो, ज्याचा हात गुरुजींनी एकदा धरला होता.

त्याच वर्षी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, अमेरिकेतील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. घरी राहून उपचार घेणाऱ्या २१४ कोविड रुग्णांपैकी काहींना रोज ८ ग्रॅम क जीवनसत्त्व, काहींना जस्त, काहींना दोन्ही देण्यात आले. लाभ दिसण्याची शक्यता नाही, असे आढळून प्रयोग मध्येच थांबविण्यात आला. पुढे २०२२ मध्ये तीव्र जंतुदोषाने अतिदक्षता विभागात असलेल्या ८७२ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. शिरेवाटे मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व दिलेल्या गटात मृत्यू किंवा अवयवांचा दीर्घ बिघाड यांचे प्रमाण ४४.५ टक्के होते, तर न दिलेल्या गटात ३८.५ टक्के. ज्या द्रव्याच्या अभावाने माणूस मरतो, त्याच्या अतिरेकाने तो वाचत नाही, हे इतक्या स्पष्ट आकड्यांत क्वचितच मांडले गेले असेल.

८. खरी उणीव कोठे आहे

एवढे ऐकून 'मग क जीवनसत्त्वाची चिंताच नको' असा निष्कर्ष कोणी काढील, तर ती दुसरी चूक ठरेल. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर आणि दक्षिण भारतातील साठ वर्षांवरील ५,६३८ व्यक्तींच्या रक्ताची तपासणी करण्यात आली. उत्तरेत सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेत सुमारे ४६ टक्के वृद्धांमध्ये क जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. गरिबी, वाढते वय, तंबाखू आणि चुलीचा धूर यांच्याबरोबर ती वाढलेली दिसली.

या सभागृहातील निम्म्याहून अधिक मंडळी माझ्याच वयाची दिसतात. आपण एकटे राहू लागलो, दात गेले, की ताटातून प्रथम काय जाते? कोशिंबीर जाते, पेरू जातो, उसळ जाते. उरतो तो मऊ भात, वरण आणि चहा-बिस्किटे. पोट भरते, आणि रांजण हळूहळू रिता होतो. गोळ्यांचा डबा विकत घेणाऱ्याला बहुधा त्याची गरज नसते. ज्याला गरज असते, त्याच्यापर्यंत साधे लिंबूही पोहोचत नाही. कुतच्या वेढ्यातील शिपाई आणि आपल्या गल्लीतील एकटी राहणारी आजी यांच्यातील साम्य मला अस्वस्थ करते.

उपाय महाग नाही. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. म्हणजे अर्धा पेरू दिवसाची गरज भागवितो. दात नसतील तर तो किसून वा बिया काढून गर करून घ्यावा. आवळ्यात जातीनुसार शंभर ग्रॅमला दोनशेपासून सहाशे मिलिग्रॅमपर्यंत नोंदी आढळतात. लिंबाच्या रसात शंभर ग्रॅमला साधारण चाळीस-पन्नास. मोड आलेल्या कडधान्यात प्रमाण थोडे असले तरी ते रोजच्या जेवणात येते. हे द्रव्य पाण्यात विरघळते आणि उष्णता व हवा यांनी नासते. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून ताटकळत ठेवू नये. कमी पाण्यात, झाकण ठेवून, थोडा वेळ शिजवावी आणि ते पाणी फेकू नये. लिंबू आमटी उतरवल्यावर पिळावे. कार्तिकात आवळीखाली जेवण्याची आपली चाल आहे. थंडीच्या तोंडावर पेरू आणि आवळा बाजारात येतो, हा योग साधून घ्यावा. तंबाखू सोडावी, हे वेगळे सांगावयास नको. ज्यांना मूतखडा वा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज गोळ्या घेऊ नयेत. आणि ताप, धाप वा ग्लानी आली, तर लिंबूपाणी अवश्य घ्यावे. पण ते डॉक्टरांकडे निघण्याच्या तयारीत असताना घ्यावे.

मित्रहो, परिभाषेच्या अभ्यासकाला शब्द बदलता येत नाहीत. ते समाज बदलतो. 'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द आता रूढ झाला आहे, तो राहील. परंतु तो उच्चारताना आपण शक्तीऐवजी व्यवस्थेचा विचार केला, तर 'वाढवू कशी?' हा प्रश्न मागे पडेल आणि 'काही कमी तर पडत नाही ना?' हा प्रश्न पुढे येईल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. उद्या सकाळी आपल्या शेजारच्या एकट्या राहणाऱ्या वृद्धाकडे जाऊन त्याच्या ताटात काय आहे, एवढे पाहावे, आणि जाताना हातात चार पेरू असावेत.

गुरुजींनी त्या दिवशी माझा हात सोडताना उरलेला आवळ्याचा रस पाण्यात घालून, मीठ टाकून, वर्गातील सर्वांना घोट घोट वाटला होता. तो मित्र माझ्याच बाकावर बसलेला होता. त्याला अतिशय आंबट लागला आणि त्याने तोंड वाकडे केले, ते मला अजून दिसते.